घटका, तास आणि तिन्हीसांजा

आपल्या भाषेत वेळ वाजते. मनगटावरचे घड्याळ आवाज करीत नाही, भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळांचे ठोके बहुतेक घरांतून केव्हाच थांबले, आणि भ्रमणध्वनीच्या काचेवर तर आकडे मुकाट्याने बदलत असतात, तरी प्रश्न अजून तोच आहे, "किती वाजले?" ग्वाल्हेरच्या आपल्या हिंदी शेजाऱ्याचाही तोच आहे. "कितने बजे?" असे तो विचारतो तेव्हा त्यालाही कुठला नाद ऐकू आलेला नसतो. ज्या काळी हा प्रयोग रूढ झाला त्या काळी मात्र वेळ खरोखरच कानाने कळत असे.

तांब्याचे एक वाटीवजा पात्र, त्याच्या बुडाला एक अतिशय बारीक छिद्र, आणि ते तरंगत ठेवण्यासाठी पाण्याने भरलेले घंगाळ, एवढेच ते यंत्र. पाणी छिद्रातून हळूहळू आत शिरे आणि पात्र भरले की बुडे. सूर्यसिद्धान्तात याचे वर्णन आहे. अहोरात्रात ते साठ वेळा बुडावे असे माप. म्हणजे एका बुडण्याला आजची चोवीस मिनिटे लागली, आणि हीच घटिका किंवा आपली घटका. घटकेची साठ पळे, म्हणून पळ चोवीस सेकंदांचे. दोन घटकांचा मुहूर्त, साडेसात घटकांचा प्रहर. पात्र बुडाले की त्यावर लक्ष ठेवून बसलेला मनुष्य टांगलेल्या काशाच्या थाळीवर टोले देई आणि गावाला वेळ कळे. घरच्या लग्नांतही भटजी अंतरपाटाजवळ हे घटिकापात्र ठेवीत असत. "घटका भरत आली" हे आपण आज मरणोन्मुख माणसाविषयी, किंवा एखाद्याच्या पापांविषयी म्हणतो, त्यातली घटका ती हीच. भरते आहे ते पाणी.

ज्या थाळीवर टोला पडे तिला मराठीत तास म्हणत. शब्द फारसी, मूळ अर्थ धातूचे भांडे. भांड्यावरून थाळी, थाळीवरून तिच्यावर वाजणारा काळ, असा प्रवास करून तो आपल्या शाळेच्या वेळापत्रकात येऊन बसला. 'गणिताचा तास' म्हणताना आपण एक फारसी भांडे वाजवीत असतो हे कुणाच्या ध्यानीही येत नाही! घड्याळ हाही मुळात त्या थाळीचाच शब्द. चाके आणि काटे त्याला पुष्कळ मागाहून चिकटले. हिंदीने घंटा हा शब्द याच रीतीने घेतला. प्रहराचे तर विचारूच नये. रात्रीच्या प्रहराप्रहराला राखणदार बदले म्हणून पहारा आला, पहारेकरी आला. दिवसाचे दोन प्रहर संपत तेव्हा दुपार होई.

घटका घड्याळातून गेली तरी बोलण्यातून गेली नाही. आपण घटकाभर बसतो, घटकाभर टेकतो, घटकेत हसतो आणि घटकेत रडतो. यांतला सर्वांत नेमका प्रयोग 'औटघटकेचे राज्य' हा. औट म्हणजे साडेतीन. तेव्हा औटघटकेचा राजा बरोबर चौऱ्याऐंशी मिनिटे राज्य करतो. ग्वाल्हेरच्या माणसाला हा वाक्प्रचार ऐकून १८५८ चा जून आठवल्यावाचून राहत नाही. त्या महिन्याच्या आरंभी रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीची राणी यांनी हे शहर घेतले, येथे पेशवाईची द्वाही फिरली, आणि तीन आठवडे पुरते होण्याच्या आत राणी धारातीर्थी पडली व इंग्रजी फौजा किल्ल्यावर चढल्या. त्या राज्याला औटघटकेचे म्हणायला जीभ मात्र रेटत नाही.

औट हा शब्द आता एवढ्या एकाच प्रयोगात उरला आहे. जुन्या मराठी शाळेत तो रोज म्हटला जाई, कारण बे एके बे संपले की मुलांपुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी उभी राहत असे. अपूर्णांकांचे हे पाढे पाठ झालेल्या पिढ्यांना घड्याळ शिकवावे लागलेच नाही. पाऊण वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला. पावणेदोनपासून मात्र 'वाजले'. एकवचन आणि अनेकवचन यांची सीमा दीड आणि पावणेदोन यांच्यामध्ये आहे हे कुठल्याही आजीने व्याकरणाच्या पुस्तकात वाचलेले नसते, आणि कुठलीही आजी त्यात चुकत नाही. साडेएक आणि साडेदोन हे शब्द भाषेत नाहीत. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. पाऊण म्हणजे पादोन, पाव उणा. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. अडीचची घडण अधिक मौजेची. तो अर्धतृतीय या शब्दापासून आला: दोन पुरे झाले आहेत आणि तिसरा अर्धा आहे. औटही असाच, चौथा अर्धा. जर्मन माणूस अडीच वाजता 'हाल्प द्राय' म्हणतो, शब्दशः 'अर्धे तीन', म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला. आपल्या अडीचचे हे दूरचे भावंड जर्मन घड्याळात आजही रोज वाजते.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हा भाग सुखरूप आहे, आणि त्याचे श्रेय आपल्याकडे फारसे जात नाही. हिंदीतही सवा, डेढ़, ढाई, पौने, साढ़े हेच असल्यामुळे मुलाला घरात एक आणि रस्त्यावर दुसरे असे शिकावे लागत नाही. फार तर 'पौने चारला ये' असे काहीतरी कानी पडते. पावणेचाराचे पौने चार झाले म्हणून हळहळण्यासारखे मला त्यात काही दिसत नाही. जे शब्द घड्याळाला टेकून उभे आहेत ते टिकतील. चिंता आहे ती उन्हाला टेकून उभ्या असलेल्या शब्दांची. आणि ऊन घड्याळाचे ऐकत नाही.

हे शेवटचे वाक्य जरा उलगडून सांगितले पाहिजे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरली जाऊ लागली. ग्वाल्हेर त्या रेषेच्या पश्चिमेला आहे. येथला सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे सतरा मिनिटे मागे चालतो. उज्जैनचा सत्तावीस मिनिटे आणि मुंबईचा एकोणचाळीस. मुंबईकरांना हे एकोणचाळीस मिनिटांचे अंतर इतके जाचले की 'मुंबई वेळ' म्हणून स्वतःची जुनी वेळ त्या शहरात १९५५ पर्यंत चालू राहिली होती. उज्जैनचा मान तर त्याहून जुना, कारण प्राचीन ज्योतिषी आपली मध्यरेषा त्याच नगरीवरून मोजीत. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी उज्जैनहून हलवून येथे लष्कर वसविले आणि आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या छावणीबरोबर येथे आले. पण उज्जैन ग्वाल्हेर राज्यातच राहिले. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात तेथे बांधलेली वेधशाळा मोडकळीस आली होती, तिचा जीर्णोद्धार १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी केला. मराठी पंचांगांच्या जगात ज्यांचे नाव आदराने घेतले जाई ते गोविंद सदाशिव आपटे या वेधशाळेचे अधीक्षक होते. याच वेधशाळेच्या आवारात २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पंच्याऐंशी फुटी मनोऱ्यावर एका नव्या घड्याळाचे उद्घाटन झाले. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे तीस मुहूर्त ते दाखविते, शेजारी प्रमाणवेळही दाखविते. त्याविषयी मतमतांतरे असोत, पण सूर्योदयापासून मोजणी करण्याची रीत आपल्या घरात अपरिचित नाही. आजोबांची जन्मपत्रिका असेल तर काढून पाहावी. सूर्योदयापासून गेलेल्या घटिका साडेबारा असे तीत लिहिले असेल, तर त्यांचे तीनशे मिनिटे किंवा पाच तास होतात. त्या दिवशी सहाला सूर्य उगवला असेल तर जन्म अकराचा. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली बोलणारे लोक आजही घड्याळाचा हिशेब असाच करतात, आपल्या सकाळच्या सातांना ते 'पहिला तास' म्हणतात.

आता महाराष्ट्रातून आलेली दिनदर्शिका भिंतीवर लावून तिच्यातील मुंबईच्या सूर्योदयावर आपण ग्वाल्हेरात विसंबलो तर काय होते पाहा. जूनच्या अखेरीस मुंबईत सूर्य सहा वाजून दोन मिनिटांच्या सुमारास उगवतो, ग्वाल्हेरात पाच पंचविसालाच. सदतीस मिनिटांचा फरक. डिसेंबरात मात्र येथे सात आणि तेथे सात वाजून सात मिनिटे, म्हणजे जवळजवळ बरोबरी. सायंकाळी गणित उलटते. जूनमध्ये दोन्हीकडे सव्वासाताच्या आगेमागे सूर्य मावळतो. डिसेंबरात ग्वाल्हेरला साडेपाचाला, मुंबईला सहा वाजून सहा मिनिटांनी. दादरच्या मावशीच्या गॅलरीत अजून ऊन असते तेव्हा लष्करातल्या भाचीने देवाजवळ दिवा लावलेला असतो. दोघीही "तिन्हीसांजा झाल्या" म्हणतात आणि दोघींचेही बरोबर असते. प्रहराचेही तसेच. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार असे विभाग उजेडावरून पाडले, तर ग्वाल्हेरच्या जूनमध्ये दिवसाचा प्रहर सुमारे तीन तास सत्तावीस मिनिटांचा होतो, डिसेंबरात दोन तास सदतीस मिनिटांचा.

या उजेडाच्या शब्दांची आपल्या भाषेत केवढी दौलत आहे! मध्यरात्र उलटली की उत्तररात्र. मग पहाट, आणि तिच्यातही भली पहाट निराळी. अंधार आणि उजेड यांची ओळख पटू लागते ते झुंजुमुंजु. तांबडे फुटते, फटफटते, उजाडते. हे तिन्ही एक नव्हेत, एकामागून एक येतात. रामप्रहरी भांडू नये असे ज्या वेळेविषयी सांगतात ती वेळ हीच. पुढे सूर्य कासराभर वर येतो. कासरा म्हणजे बैलाला धरण्याची लांब दोरी. क्षितिजापासून सूर्यापर्यंतचे अंतर त्या दोरीने मोजणारा मनुष्य शेताच्या बांधावर उभा होता हे सांगायला नको. न्याहारीची वेळ होते, ऊन चढते, टळटळीत दुपार होते, उन्हे कलतात, दिवस मावळतीला लागतो. गाई परतताना धूळ उडते ती गोरज, आणि त्या वेळचे लग्न गोरजमुहूर्तावरचे. मग कातरवेळ, तिन्हीसांजा, दिवेलागण. या तिहींची वेळ घड्याळात एकच असेल, पण शब्द एक नाहीत. कातरवेळी मन हुरहुरते. तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये. दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणायला बसावे. एकीत मनाची अवस्था आहे, दुसरीत निषेध आहे, तिसरीत काम आहे. पुढे जेवणे, आणि सर्वत्र सामसूम झाली की निजानीज.

आमच्या घरांतली दहाबारा वर्षांची मुले यांतले किती शब्द ओळखतात? सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र हे चार बहुतेक सर्वांना येतात. पहाट पुष्कळांना येते. त्यापुढे शांतता. 'शामला येतो' हे आता सहज कानी पडते. 'तासभर' जाऊन 'घंटाभर' आले आहे, पण तो घंटा विदर्भातही वाजतो, तेव्हा त्याचे खापर एकट्या ग्वाल्हेरवर फोडू नये. हिंदीवरही फोडू नये. तिच्या पदरी मुँह-अँधेरे आहे, झुटपुटा आहे, गोधूलि आहे, आणि या भागातल्या खेड्यांतून येणारा दूधवाला पहाटेला 'भुनसारे' म्हणतो तो शब्द तर झुंजुमुंजुच्या तोडीस तोड आहे. आपली मुले तिन्हीसांजा टाकून साँझ उचलीत असती तर एका घरातून दुसऱ्या घरात जाणे झाले असते. ती 'ईव्हनिंग' म्हणतात.

एका ठिकाणी मात्र हिंदीचा प्रभाव नुसत्या शब्दावर न थांबता अर्थापर्यंत पोचतो. हिंदीत गेलेला दिवस आणि येणारा दिवस या दोहोंना 'कल' हा एकच शब्द. भाषा त्यात अडखळत नाही, कारण क्रियापद दिशा दाखविते. मराठीने काल आणि उद्या वेगळे ठेवले. आता ज्या मुलाचे मन 'कल' या साच्यात घडले त्याला 'काल' हा शब्द त्याचाच मराठी वेष वाटतो, आणि तो म्हणतो, "काल माझी परीक्षा आहे." परिचयातल्या एका घरी पुण्याच्या आजीने फोनवर नातवाला विचारले, गाडी केव्हाची? नातू म्हणाला, "काल रात्रीची." आजी घाबरली, काल रात्री निघालेली मुले अजून पोचली कशी नाहीत? आईने फोन हाती घेईपर्यंत त्या बिचारीच्या डोळ्यांपुढे नाही नाही ते येऊन गेले. घरात हसण्यावारी गेलेली ही गोष्ट मला तितकीशी हसण्यासारखी वाटत नाही. परवा मागे-पुढे दोन्हीकडे चालतो हे खरे, तेवढ्यापुरते आपणही हिंदीच्या पंक्तीला बसतो, आणि तेरवाही तसाच आहे. परंतु काल आणि उद्या यांमधला पडदा ज्या घरात विरला, त्या घरात आजी आणि नातू एका वाक्यात दोन वेगळ्या दिवशी उभे राहतात.

कुणी म्हणेल, मराठी ही काही मरणारी भाषा नव्हे. खरे आहे. २०११ च्या जनगणनेत सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. मरण पावलेल्या भाषेची गोष्ट वेगळी असते. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर हंबोल्ट उपसागराच्या काठी वियॉट नावाच्या मूळ रहिवाशांची भाषा होती. १८६० मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी या लोकांचे मोठे हत्याकांड केले. जे उरले त्यांची मुले इंग्रजीत वाढली. आणि ती भाषा अस्खलित बोलणारी अखेरची स्त्री, डेला प्रिन्स, १९६२ मध्ये वारली. तत्पूर्वी कार्ल टीटर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने तिच्याकडून ती भाषा उतरवून घेतली होती, तिचे व्याकरण १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आज त्या लोकांचे वंशज जुन्या नोंदी व ध्वनिमुद्रणे यांच्या आधाराने तीच भाषा पुन्हा शिकत आहेत. 'सकाळ झाली' एवढे म्हणण्यासाठी त्यांना संग्रहातले कागद उलगडावे लागतात. आपल्यावर ती वेळ नाही. पण देशात धडधाकट असलेली भाषा एखाद्या घरात मरू शकते, आणि घरातले मरण जनगणनेत दिसत नाही. आपल्याला कागद उलगडायचे नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन विचारायचे आहे, आणि तेही विचारण्याजोगे कुणी तेथे आहे तोवर.

प्रहर हा शब्द मात्र ग्वाल्हेरात आणखी एका घरी नांदतो आहे, ते म्हणजे गाण्याचे घर. हद्दूखाँ-हस्सूखाँच्या गायकीचे हे शहर. कृष्णराव शंकर पंडितांसारखे गवई याच मराठी वस्तीतले. पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधवरावांनी १९१८ मध्ये येथे माधव संगीत विद्यालय काढले. रागांची वेळ प्रहरांनी सांगण्याची जुनी चाल भातखंड्यांनी नीट बांधून दिली. कोमल रिषभ आणि शुद्ध गांधार, निषाद घेणारे राग दिवस-रात्रीच्या सांध्यावरचे, संधिप्रकाशाचे. मध्यमाला त्यांनी अध्वदर्शक, वाट दाखविणारा, म्हटले, कारण शुद्ध मध्यम बहुधा सकाळकडे नेतो आणि तीव्र मध्यम सायंकाळकडे. भैरव उजाडताना, सारंग माध्यान्ही, मुलतानी दिवसाच्या चौथ्या प्रहरी, सूर्य मावळताना पूर्वी, आणि दिवे लागल्यावर यमन. ज्या मुलीला घरी दिवेलागण हा शब्द कुणी सांगितला नाही, तिला तो गाण्याच्या वर्गात भेटण्याचा संभव आहे.

अडचण एवढीच की गाण्याचे वर्ग सायंकाळी सहाला भरतात. डिसेंबरात हे उत्तम जमते. साडेपाचाला सूर्य गेलेला असतो, बाहेर काळोख, आत तंबोरा, आणि यमनाचा तीव्र मध्यम आपल्या जागी. जूनमध्ये त्याच सहाच्या ठोक्याला ग्वाल्हेरच्या गच्च्यांवर ऊन रणरणत असते, सूर्यास्ताला अजून सव्वा तास अवकाश असतो, प्रहर दिवसाचा चौथा, आणि न्यायाने पाळी मुलतानीची. वर्गात तरीही यमनच सुरू होतो, कारण नव्या विद्यार्थ्यांना आधी तोच शिकवायचा असतो आणि वर्ग सहाचा असतो. एखाद्या चौकस मुलीने खिडकीबाहेर बोट दाखवून विचारले, तर गुरुजींना घड्याळ आणि प्रहर यांतला फरक त्या दिवशी समजावून सांगावा लागेल. त्यात तास गेला तरी चालेल.